चार हरणे, एक डोके

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडला आणि या शाखेचा इतिहास स्पष्ट होऊ लागला. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये झाला.

या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची बरीच लेणी खोदली गेली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतले. तिथल्या शिलालेखात राजाचे नाव आहे, मंत्र्याचे आहे. छिन्नी चालवणाऱ्याचे मात्र नाही. मग त्या शिल्पकाराची ओळख कशी करून घ्यायची? त्याच्या कामावरून.

पहिल्या लेण्यात एका खांबाच्या वरच्या भागावर चार हरणे कोरलेली आहेत. धडे चार, डोके एकच. कोणतेही एक धड निवडून पाहा, ते डोके त्याचेच वाटते. हे साधायचे तर चारही मानांची वळणे एकाच ठिकाणी जुळावी लागतात. एक मान जरी अवघडलेली दिसली, तरी सगळी गंमत नाहीशी होते. हरिण मान कशी वळवते, बसताना पाय कसे दुमडते, हे ज्याने डोळे भरून पाहिले नाही, त्याला हे जमणार नाही. हरणे इथे का, हेही समजण्यासारखे आहे. बुद्धाचा पहिला उपदेश सारनाथच्या मृगवनात झाला होता.

दगडही सोपा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थंड होऊन बनलेला हा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. मातीचे शिल्प चुकले तर लिंपून सुधारता येते. इथे उडालेला टवका परत बसत नाही, आणि खांब डोंगराचाच भाग असल्यामुळे दुसरा दगडही घेता येत नाही. चोविसावे लेणे अर्धवट राहिले आहे. त्यातील अपुरे खांब आणि छिन्नीचे घाव पाहून खोदकामाचे टप्पे अभ्यासकांना समजले. म्हणजे अपुरे कामसुद्धा पुरावा ठरते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. फळ्यावर हरणाचे एक डोके काढावे आणि विद्यार्थ्यांना त्याला चार धडे जोडायला सांगावे. बहुतेकांची एकदोन हरणे जमतील, बाकीच्यांच्या माना मोडतील. मग शिल्पाचे छायाचित्र दाखवावे, तीन धडे हाताने झाकावीत आणि विचारावे, "डोके कोणाचे?" शेवटी वराहदेवाच्या लेखाची गोष्ट सांगावी. इतिहासाच्या पुस्तकात लेणे करवणाऱ्याचे नाव येते; ते करणाऱ्याची आठवण ठेवायची असेल, तर त्याचे काम असे बारकाईने पाहावे लागते.