संकेताचा पहिला शब्द

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण १९५३ सालापाशी थांबलो होतो. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली होती. पण त्यातून एक प्रश्न उभा राहिला. डीएनएची अक्षरं चार आणि प्रथिनं बनतात ती वीस अमिनो आम्लांची. मग चार अक्षरांतून वीस शब्द कसे लिहायचे?

दोन-दोन अक्षरांचे शब्द केले तर चार चोक सोळा, म्हणजे अपुरे. तीन-तीनचे केले तर चौसष्ट, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. जॉर्ज गॅमोव या पदार्थवैज्ञानिकाला हे कोडं फार आवडलं. त्याने 'आरएनए टाय क्लब' नावाची मंडळी जमवली. सभासद वीस, प्रत्येक अमिनो आम्लामागे एक. कागदावर पुष्कळ सुंदर तर्क झाले, पण एकही शब्द सुटला नाही.

उत्तर आलं ते या क्लबाबाहेरून. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्शल निरेनबर्ग नावाचे एक तरुण संशोधक होते. तेव्हा त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्यांच्या जोडीला जर्मनीहून आलेले हाइनरिख मॅथाई. दोघांनी ई. कोलाय जिवाणू फोडून त्यांचा रस काढला. पेशी मेलेली, पण प्रथिनं बनवणारी यंत्रणा त्या रसात अजून चालू होती. आता तिला आपण लिहिलेला निरोप द्यायचा, इतकी साधी कल्पना. निरोपही अगदी बाळबोध होता. आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतो. तर नुसता यू, यू, यू असाच लांबलचक धागा.

आता कुठलं अमिनो आम्ल जोडलं गेलं हे ओळखायचं कसं? काही अमिनो आम्लं किरणोत्सारी घ्यायची, बाकीची साधी ठेवायची, आणि तयार झालेल्या प्रथिनात किरणोत्सार सापडतो का ते मोजायचं. असं गाळत गाळत एकावर यायचं. २७ मे १९६१ च्या पहाटे मॅथाई प्रयोगशाळेत होते. निरेनबर्ग कॅलिफोर्नियाला गेलेले. उत्तर मिळालं : फेनिलअॅलनिन. संकेताचा पहिला शब्द वाचला गेला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोला जीवरसायनशास्त्राची परिषद भरली. निरेनबर्ग यांनी निबंध वाचला तेव्हा खोलीत मोजकीच माणसं होती. त्यातल्या मॅथ्यू मेसेल्सन यांनी ही गोष्ट क्रिक यांच्या कानावर घातली, आणि क्रिक यांनी तोच निबंध मोठ्या सभेपुढे पुन्हा वाचायला लावला. मग मात्र शर्यत लागली.

या शर्यतीत आपल्या ओळखीचं नाव येतं, हरगोविंद खोराना. मुलतानकडच्या रायपूर नावाच्या खेड्यात वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. पहिली शाळा झाडाखाली. परदेशात शिकून १९४९ साली ते भारतात परतले, तेव्हा त्यांना इथे नोकरी मिळाली नाही. पुढे विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी ठरावीक क्रमाचे धागे रसायनांतून घडवले. यू-सी-यू-सी असा धागा दिला की सेरिन आणि ल्युसिन आळीपाळीने गुंफलेली साखळी मिळायची. शब्द तीन अक्षरांचाच, हे यातूनही दिसलं. १९६६ पर्यंत चौसष्ट शब्दांचा तक्ता भरला : एकसष्ट अमिनो आम्लांचे, तीन पूर्णविराम.

१९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं. मॅथाई त्यात नव्हते. कल्पना आणि मांडणी एकाची, पहाटेची नळी दुसऱ्याच्या हातात. श्रेय कसं वाटायचं? नोबेल तिघांपुरतंच असतं, पण इतिहास सांगताना आपल्यावर तसं बंधन नाही. तो तक्ता पाठ्यपुस्तकात आजही आहे. पुढे कधी त्यातला यू-यू-यू हा चौकोन दिसला, तर आपण दोन्ही नावं घेऊ.