वाऱ्याला वाट हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वातानुकूलन यंत्राचा शोध माणसाच्या सुखासाठी लागला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता, रंग एकावर एक नीट बसत नव्हते. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने त्यावर तोड म्हणून ही यंत्रणा आखली. म्हणजे पहिला गारवा कागदाच्या वाट्याला आला. माणसाचा नंबर नंतर लागला.

पुढे संगणकाचेही असेच लाड झाले. जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याला भोके असत, ती कशासाठी? आतले पाच-सहा व्हॉल्व्ह तापत म्हणून. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेल्या एनिअॅकमध्ये असे सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. त्याला दीडशे किलोवॉट वीज लागे आणि त्या विजेची अखेर उष्णताच होई. ती बाहेर काढायला प्रचंड पंखे बसवावे लागले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी घडवलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफरॅक’ ठेवले. त्यातही २,७०० व्हॉल्व्ह होते.

मग ट्रान्झिस्टर आले, चिप आली आणि उष्णतेचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. १९८१ च्या आयबीएम पीसीमधल्या प्रोसेसरला स्वतःचा पंखासुद्धा नव्हता. पण वेगाची हाव वाढली, तशी आच परत आली. १९९३ नंतरच्या पेंटियमवर पंखा फिरू लागला. २००४ पर्यंत पेंटियम चारचे काही प्रोसेसर शंभर वॉटच्या बल्बइतके तापू लागले. अखेर त्याच वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्झचा बेत सोडून दिला आणि एका चिपमध्ये अनेक गाभे बसवण्याचा रस्ता धरला. उष्णतेने वेगाला लगाम घातला तो असा.

यंत्र खास खोलीतून घरात आले, पण त्याची खोली बरोबर आली नाही. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या छोट्या फ्लॅटमध्ये आपण त्याला टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटवून बसवले. वर धूळ नको म्हणून कापडी झाकणही घातले. मे महिन्यात ते रखडते, मध्येच बंद पडते. जास्त तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. आपण म्हणतो, मशीन जुने झाले. मुलाच्या शिक्षणासाठी पै पै साठवून घेतलेली वस्तू अशी अकाली भंगारात जाते, याचे वाईट वाटते.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. पंख्याखाली आपल्याला गार वाटते, कारण घाम वाळतो. संगणकाला घाम येत नाही. त्यामुळे नुसता पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. तो तापलेली हवा बाहेर नेतो, इतकेच. म्हणून चार पंखे लावण्याआधी वाऱ्याची वाट मोकळी करावी.

ज्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो, ती पेटी कप्प्यातून बाहेर काढा. तिच्या मागे वीतभर जागा सोडा. वीज बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने जाळ्यांवरची आणि पंख्यांवरची धूळ झाडा. झाडताना पाते बोटाने धरून ठेवा. आतल्या वायरींचा गुंता एका बाजूला बांधा. पंखा घ्यायचाच, तर समोरचा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा असावा. दोन्ही आतच फुंकू लागले तर भांडण व्हायचे. बसत असेल तर मोठा, सावकाश फिरणारा पंखा बरा. आवाज कमी, वारा पुरेसा. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि त्यावरची धातूची चकती यांच्यामधला थर्मल पेस्टचा लेप वाळलेला असतो, तोही जाणकाराकडून बदलून घ्यावा. हे सगळे काही शे रुपयांत होते.

यात नवे काय आहे? इराणात उंच मनोरे बांधून वारा घरात उतरवत. त्यांना बादगीर म्हणत. बाद म्हणजे वारा, गीर म्हणजे धरणारा. आपल्या वाड्यांतला चौक दुसऱ्या रीतीने तेच काम करी. आपला ‘हवा’ हा शब्दही अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच झाला. वाट मोकळी असली की येणारा असा रुळतो.

आज ऐरोली, महापे, रबाळे भागांत मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथल्या यंत्रांच्या रांगा अशा मांडतात, की एका गल्लीतून गार हवा आत शिरावी आणि दुसऱ्या गल्लीतून तापलेली बाहेर पडावी. दोन्ही मिसळू नयेत. कोट्यवधींच्या त्या इमारतीत जो नियम चालतो, तोच टेबलाखालच्या पेटीलाही लागू आहे. तिथे तो पाळायला खिसा रिकामा करावा लागत नाही.