गणनप्रकार व नामदृश्यता

संगणकाच्या आज्ञावली-भाषांतील परस्परसंबद्ध अशा दोन संकल्पना. ज्याची सर्व संभाव्य मूल्ये नावे देऊन मोजून सांगितलेली असतात, त्यास गणनप्रकार म्हणतात. तर आज्ञावलीच्या ज्या भागात एखादे नाव ओळखले जाते, तेवढी त्या नावाची दृश्यता होय. उदा., सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट, करमाळा, पंढरपूर, बार्शी इ. ११ तालुके मिळून एक गणनप्रकार होतो.

नावांना मर्यादित क्षेत्र देण्याची पद्धत अल्गॉल ६० (१९६०) ह्या भाषेतील खंडरचनेमुळे रूढ झाली. खंडात घोषित केलेले नाव खंडाबाहेर दिसत नाही. पूर्वीच्या अनेक भाषांत तालुक्यांना ० ते १० असे सांकेतिक अंक द्यावे लागत व अंकाची गल्लत कंपायलरच्या लक्षात येत नसे. स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्ट (१९३४–२०२४) यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पास्कल भाषेत गणनप्रकार हा स्वतंत्र प्रकार मानला गेला; त्यामुळे अशी गल्लत आज्ञावली चालण्यापूर्वीच उघड होऊ लागली.

सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणरूपात गणनप्रकार आहे. तथापि त्यातील नावे केवळ पूर्णांक असून ती भोवतालच्या क्षेत्रात पसरतात. तालुका व रेल्वे स्थानक ह्या दोन्ही प्रकारांत ‘पंढरपूर’ हे नाव एकाच क्षेत्रात घातल्यास संघर्ष होतो. तो टाळण्यासाठी नावामागे प्रकाराचे नाव जोडले, तरी स्थानकाचे मूल्य तालुक्याच्या जागी ठेवण्यास भाषेची आडकाठी नसते. परिणामी एका ठिकाणची नोंद दुसऱ्याच्या खाती पडू शकते.

ह्यावर भिन्न उपाय योजले गेले. एडा (१९८३) भाषेत एकच नाव अनेक प्रकारांत चालते व त्याचा अर्थ संदर्भावरून ठरतो. विर्ट यांनी ओबेरॉन (१९८८) भाषेतून गणनप्रकार वगळला. प्रकार आयात करताच त्यातील सर्व नावेही न मागता दृश्य होतात, हा त्यांचा एक आक्षेप होता. जावा (२००४) व सी++ (२०११) ह्या भाषांत नावे प्रकाराच्या कक्षेत बंदिस्त झाली. उत्तर सोलापूर व दक्षिण सोलापूर हे तालुके जसे विशेषणाने वेगळे ओळखले जातात, तसेच येथे प्रकाराचे नाव विशेषणाचे कार्य करते.