प्रश्नाचे कूळ आणि प्रश्नाचा शेजार

परकी भाषा शिकू लागलेल्या माणसाची पहिली परीक्षा प्रश्न ओळखण्याची असते. बोलायचे काय, हे तो घरून ठरवून जाऊ शकतो. पण समोरचा काय विचारील, हे त्याच्या हाती नसते. नाव, गाव, येण्याचे कारण, एवढ्या साध्या विचारणेपुढेही सुशिक्षित मनुष्य मुका होतो. म्हणून प्रश्नवाचक शब्दांचा इतिहास थोडा पाहू या. त्यासाठी बंगळूरच्या बसवनगुडीत राहणारा एखादा मराठी विद्यार्थी मनापुढे आणा. घरात मराठी, दारात कन्नड, आणि हाती स्पॅनिश भाषेचे पहिले पुस्तक.

या नगरात मराठी नवी नव्हे. १६३८ साली बंगळूर विजापूरच्या ताब्यात आले आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. त्यांच्या दरबारी आलेल्या जयराम पिंडे या कवीने राजांपुढे बारा नारळ ठेवले. आपण बारा भाषांत कविता करतो, असा त्याचा अर्थ. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. बसवनगुडीची वस्ती मात्र अलीकडची. बसवाचे, म्हणजे नंदीचे, देवालय जुने. पण १८९८च्या प्लेगनंतर दाट पेठांतली माणसे मोकळ्या हवेत येऊ लागली, तेव्हा त्याच्या भोवतीची वसाहत वाढीला लागली.

आता आपल्या विद्यार्थ्याचे पुस्तक उघडू. स्पॅनिशमध्ये ‘काय’ला ‘के’, ‘कोण’ला ‘क्येन’, ‘कोणता’ला ‘क्वाल’, ‘किती’ला ‘क्वांतो’, ‘केव्हा’ला ‘क्वांदो’ आणि ‘कसे’ला ‘कोमो’ म्हणतात. मराठी कानाला हा ‘क’चा नाद ओळखीचा वाटतो, आणि ही ओळख खरी आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ उगमातून निघाल्या असाव्यात, असे सांगितले. संस्कृत ‘कति’ आणि लॅटिन ‘क्वोत’ हे सख्खे भाऊ आहेत. पहिल्याच्या घराण्यात आपले ‘किती’ आले, दुसऱ्याच्या घराण्यात स्पॅनिश व पोर्तुगीज जन्मल्या. ‘कुठे’चा अर्थ सांगणारा ‘दोंदे’ तेवढा वेगळा दिसतो. तो लॅटिन ‘उंदे’पासून आला आणि त्याच्या आरंभीचा ‘क’ लॅटिनमध्येच फार पूर्वी गळून गेला.

दारातल्या कन्नडात हा ‘क’ नाही. तेथे ‘कोण’ म्हणजे ‘यारु’, ‘काय’ म्हणजे ‘एनु’, ‘कुठे’ म्हणजे ‘एल्लि’, ‘किती’ म्हणजे ‘एष्टु’. द्राविड भाषांचे कूळ स्वतंत्र आहे, हे एलिस यांनी १८१६ साली दाखविले आणि कॉल्डवेल यांनी १८५६ साली त्याचे व्याकरण मांडले. म्हणजे शब्दांची मुळे पाहिली, तर बसवनगुडीतल्या मराठीला शेजारच्या कन्नडपेक्षा सातासमुद्रापलीकडची स्पॅनिश जवळची ठरते!

पण माणूस सुटे शब्द ऐकत नाही, वाक्य ऐकतो. ‘तुमचे नाव काय?’ याला कन्नडात ‘निम्म हेसरु एनु?’ म्हणतात. शब्दास शब्द ठेवावा, तसे हे वाक्य बसते. ‘तुम्ही येता का?’ यात आपण प्रश्नाची खूण शेवटी ठेवतो, कन्नडातही ‘बरुत्तीरा?’ म्हणताना शेवटचा ‘आ’ तेच काम करतो. शेकडो वर्षे एका अंगणात नांदलेल्या भाषांनी परस्परांची चाल उचलली. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे मांडले, ते अशाच देवाणघेवाणीवरून.

स्पॅनिश येथे परकी होते. ती नाव विचारताना ‘कोमो से यामा उस्तेद?’ म्हणते, ‘आपण स्वतःला कसे म्हणवता?’ असा तिचा घाट. मराठी विद्यार्थी ‘के’ची वाट पाहत बसतो आणि ‘कोमो’ कानावरून निघून जाते. होय-नाहीच्या प्रश्नात तर बहुधा एकही वेगळा शब्द नसतो. केवळ सूर वर चढतो. कागदावर सूर कसा दाखवावा? १७५४ साली स्पॅनिश अकादमीने लांब प्रश्नाच्या आरंभीही उलटे प्रश्नचिन्ह घालण्याचा नियम केला, आणि पुढे तो सर्वच प्रश्नांना लागू झाला. वाचकाला आधीच सावध करणारी ही खूण ऐकणाऱ्याच्या मात्र उपयोगी पडत नाही.

आदराच्या बाबतीत आपला विद्यार्थी पुन्हा सावरतो. ‘तू’ला तेथे ‘तू’च आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ हे ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचे झिजलेले रूप. म्हणून त्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येते. समोरच्यालाच ‘साहेब कुठे निघाले?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा शिकणाऱ्याने दोन्ही नाती जपावीत. शब्द ओळखताना कुळाचा आधार घ्यावा, पण वाक्य ऐकताना आपल्या घरची चाल क्षणभर बाजूला ठेवावी. आणि स्पॅनिशच्या पुस्तकावरून नजर काढून दारातल्या कन्नड प्रश्नालाही उत्तर द्यावे. ज्याच्या गावात आपण राहतो, त्याने ‘ऊटा आयिता?’, म्हणजे ‘जेवण झाले का?’, असे विचारावे आणि आपल्याला ते कळू नये, हे शेजारधर्माला शोभणारे नाही.