पाकीट, पेटी आणि कॅमेरा

मंडळी, आजचा विषय वरवर पोरखेळाचा वाटेल. खेळाडूंची चित्रं छापलेली कार्डं आणि ती जमवणारी माणसं. पण त्यात आपला जुनाच प्रश्न दडलाय: डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे कळलं का?

अमेरिकेत ही कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटात आली. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा असे, त्यावर चित्र छापू लागले. पुढे तंबाखूच्या जागी च्युइंगम आला. १९५२ साली टॉप्स कंपनीनं बेसबॉलचा मोठा संच काढला. त्यातली न खपलेली कार्डं १९६० मध्ये आपण समुद्रात टाकली, असं तो संच घडवणारे साय बर्जरच सांगत. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. मी लहानपणी काडेपेटीचे छाप जमवले होते, ते आईनं एक दिवस बंबात घातले. दुर्मिळता पूर्वी अशीच, कुणी न ठरवता, तयार व्हायची.

१९९० मध्ये ती ठरवून तयार होऊ लागली. अपर डेक कंपनीनं रेजी जॅक्सनच्या सहीची अडीच हजार कार्डं पाकिटांत मिसळून सोडली. अशा दुर्मिळ कार्डांचा पायंडा पडला, तसे ग्राहक कोर्टात गेले: हा जुगार आहे. २००२ मध्ये तिथल्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानं त्यांचा दावा फेटाळला. पैसे देऊन संधी घेतली, ती मिळाली. निराशा म्हणजे मालमत्तेचं नुकसान नव्हे, असा एकंदर युक्तिवाद. हा लक्षात ठेवा.

आता थेट व्हिडिओवरचा ‘ब्रेक’. विक्रेता बंद पेटी कॅमेऱ्यासमोर ठेवतो. बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत ३० संघ, तेव्हा ३० वाटे. यांकीजचा वाटा तुमचा, तर पेटीतली यांकीजची सगळी कार्डं तुमची. कधी संघही चिठ्ठी टाकल्यासारखा संगणकच ठरवतो. २०२० च्या महासाथीत कार्डांचे मेळावे बंद पडले आणि ही रीत फोफावली. व्हॉटनॉट २०१९ मध्ये निघालं होतंच. फॅनॅटिक्सनं २०२२ मध्ये टॉप्सचा कार्डांचा धंदा घेतला आणि पुढच्याच वर्षी स्वतःची थेट विक्री सुरू केली. म्हणजे कार्ड छापणारा आणि बाजार भरवणारा एकाच घरातले!

लोक का जातात? अख्खी पेटी शेकडो, कधी हजारो डॉलरची. वाटा त्या मानानं पुष्कळ स्वस्त. शिवाय रात्री एकट्या बसलेल्या माणसाला विक्रेता नावानं हाक मारतो, चांगलं कार्ड निघालं की अनोळखी लोक अभिनंदन करतात. ही सोबत खरी असते, तिला मी हसणार नाही.

पण लिलाव काही सेकंदांत संपतो. विचार करायला उसंतच नसते. आपले नैयायिक प्रत्यक्षाबरोबर अनुमानही प्रमाण मानतात. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. कॅमेरा आपल्याला तेवढ्यापुरता चार्वाक करतो. पेटी फोडलेली दिसते. ती आधी कुठे होती, पाकिटं उघडून पुन्हा चिकटवलीत का, बोली चढवणारा विक्रेत्याचाच माणूस आहे का, ते दिसत नाही. लोगन पॉल यांनी पोकेमॉनच्या बंद पेट्या ३५ लाख डॉलरना घेतल्या होत्या, तज्ज्ञांनी खऱ्या ठरवलेल्या. २०२२ मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासमोर त्या उघडल्या, तर आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डं! तो थेट विक्रीचा प्रसंग नव्हता; पण कॅमेऱ्यानं सत्य दाखवलं ते पैसे गेल्यावर.

आणि साधी बेरीज. तीसही वाट्यांची किंमत मिळवा, ती सहसा पेटीच्या किमतीहून जास्त भरते. विक्रेत्याचं पोट त्यावरच. हा आकडा पडद्यावर कुणी लिहीत नाही.

आता कोर्टाचा तो युक्तिवाद आठवा. पाकीट घेणाऱ्याच्या हातात निदान चार साधी कार्डं तरी पडत. ब्रेकमध्ये तुमच्या संघाचं कार्डच निघालं नाही, तर पुष्कळदा टपालानं काहीच येत नाही. आणि तोवर विक्रेत्यानं पुढची पेटी समोर ओढलेली असते.