किटलीतले पाणी

विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही तक्रार आपल्याकडे कोणाच्या घरी ऐकलेली नाही? शास्त्राच्या पुस्तकांत या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. घरात नुसते ‘जड पाणी’ म्हणतात, आणि मला तोच शब्द बरा वाटतो.

हा जडपणा येतो कुठून? पावसाचे पाणी मऊच असते. जमिनीत मुरताना ते कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि त्याच्या जोरावर खडकातली चुनखडी विरघळवते. पाणी तापवले, की वायू निघून जातो आणि चुनखडी पुन्हा उघडी पडते. बंबात पांढरा थर धरतो तो हाच. १८४१ साली अ‍ॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी अशा पाण्यात मोजून चुन्याची निवळी घालण्याची युक्ती काढली. चुना तो वायू शोषून घेतो आणि सगळी चुनखडी तळाशी बसते. काट्याने काटा काढावा, तसे!

विजेच्या किटल्या आल्या त्या १८९० नंतरच्या दशकात. त्यांची तापणारी तार बुडाखाली वेगळ्या कप्प्यात असे, त्यामुळे पाणी उकळायला फार वेळ लागे. १९२२ साली बर्मिंगहॅमच्या बुलपिट कंपनीने ही तार धातूच्या नळीत बंद करून थेट पाण्यात बुडवली. पाणी लवकर उकळू लागले. पण आता चुनखडी त्या नळीवरच बसणार! थर जाड झाला, की उष्णता पाण्यात जात नाही, नळी स्वतःच तापत राहते आणि शेवटी जळते.

गंमत पाहा, ज्या गावात ही किटली निघाली तिथले पाणी मऊ होते. लंडनकरांच्या किटल्यांत चुनखडी साचे, बर्मिंगहॅमकरांना तो त्रास नव्हता. १९०४ पासून त्यांना वेल्समधल्या एलान खोऱ्याचे पाणी मिळत होते. तिथल्या डोंगरांच्या खडकांत चुना फारसा नाही. पंप न लावता, नुसत्या उताराने, सुमारे ११८ किलोमीटर वाहून ते शहरात पोहोचते. त्याला दीड दिवस लागतो. शहराने ते आणले किटल्यांसाठी नव्हे, रोगराई आणि कारखान्यांची तहान यांपायी. पण त्यासाठी खोऱ्यातली शंभरेक माणसे उठवली गेली. घरे, शाळा, देऊळ पाण्याखाली गेले. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांच्या हाती काही पडले नाही. पाण्याच्या इतिहासात हे पान सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

आता आपल्या किटलीत कोणते पाणी घालावे, म्हणाल तर नळाचे मऊ पाणी उत्तम. बोअरिंगचे असेल तर आधी पातेल्यात उकळावे, थंड होऊ द्यावे आणि वरचे निवळ पाणी तेवढे घ्यावे. खाली राहील ती पूड किटलीत बसली असती. ऊर्ध्वपातित पाण्याने थर धरत नाही हे खरे, पण चहा मिळमिळीत लागतो. उरलेले पाणी किटलीत तसेच ठेवू नये. थर धरलाच, तर लिंबाचा रस पाण्यात घालून उकळावा आणि तासभर तसाच ठेवावा. सुरीने खरवडू मात्र नका!