उन्हाळे, नवस आणि वसई : ऊन पाण्याच्या दोन परंपरा

जपानच्या नागानो प्रांतात शिगा कोगेन नावाचे विस्तीर्ण हिमक्षेत्र आहे. १९९८च्या हिवाळी ऑलिम्पिकमधील काही स्पर्धा याच उतारांवर झाल्या. दिवसभर स्की करून थकलेले प्रवासी संध्याकाळी पायथ्याच्या शिबू ओन्सेन या गावी उतरतात. ‘ओन्सेन’ म्हणजे ऊन पाण्याचा झरा. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्लीत नऊ सार्वजनिक स्नानगृहे आहेत. मुक्कामी पाहुण्याला त्यांची किल्ली मिळते, आणि सुती युकाता अंगावर घेऊन, लाकडी खडावा वाजवीत तो एकेका स्नानगृहाची फेरी करतो.

यांपैकी स्की हा भाग जपानमध्ये अगदी अलीकडचा. १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन मेजरने ताकादा येथील जपानी सैनिकांना स्कीचे पद्धतशीर शिक्षण दिले, तेथून तिचा प्रसार झाला. ऊन पाण्याच्या स्नानाची परंपरा मात्र शेकडो वर्षांची. शेतीची कामे आटोपली की कुटुंबे झऱ्याकाठी आठवडे-दोन आठवडे मुक्काम ठोकीत, स्वतःचा शिधा बरोबर नेत आणि दुखरी हाडे शेकून परतत. या उपचाराला तिकडे ‘तोजी’ म्हणतात.

शिबूचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते. सोळाव्या शतकातील काई प्रांताचा सरदार ताकेदा शिंगेन याचे ‘गुप्त झरे’ म्हणून जी स्थळे दाखवतात, त्यांत शिबूचाही समावेश होतो. कावानाकाजिमाच्या लढायांत जखमी झालेले सैनिक शिंगेनने अशा झऱ्यांवर गुपचूप उपचारासाठी पाठवले, असे परंपरा सांगते. कथेचा काही भाग नंतरच्या काळात वाढला असणार. प्रसिद्ध सेनानीचे नाव लागले की गावाचे महत्त्व वाढते, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

तो अनुभव पाहण्यासाठी पुण्याहून दूर जावे लागत नाही. भिवंडीच्या उत्तरेस तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे आहेत. येथे नदीच्या पात्रात आणि काठावर ऊन पाण्याचे झरे आहेत, त्यांवर दगडी कुंडे बांधलेली आहेत. (याच तानसेचे पाणी १८९२मध्ये पूर्ण झालेल्या धरणातून मुंबईला जाऊ लागले.)

कोकणी माणूस अशा झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतो. संस्कृत ‘उष्ण’पासून आलेले ‘ऊन’ त्यात आहे, आणि गावांच्या नावांतही ते मुरले आहे : राजापूरजवळचे उन्हाळे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, खानदेशातील उनपदेव, पैनगंगेकाठचे उनकेश्वर. जपानी ‘ओन्सेन’मधील ‘ओन’चा अर्थही ऊनच. नादाचे हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. त्यावरून भाषांचे नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

पाण्याच्या उष्णतेचे कारणही दोन्हीकडे एकच नाही. जपानमधील बहुतेक प्रसिद्ध झरे जिवंत ज्वालामुखींच्या प्रदेशात आहेत. महाराष्ट्राचा काळा पाषाण ज्वालामुखीजन्य खरा, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्या लाव्हाची धग केव्हाच विझली. कोकणात पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. पालघरपासून राजापुरापर्यंत किनाऱ्याला समांतर अशी झऱ्यांची माळच दिसते, ती या भेगांमुळे.

लोकांनी या पाण्याची उपपत्ती वेगळी लावली. देवीने मारलेल्या असुरांचे रक्त म्हणजे हे पाणी, असे वज्रेश्वरीचे भाविक मानतात. वसिष्ठांच्या यज्ञावर इंद्राने फेकलेले वज्र देवीने गिळले, म्हणून ती वज्रेश्वरी. देवीचे मूळ स्थान येथून उत्तरेस गुंज येथे होते आणि पोर्तुगीजांच्या उपद्रवामुळे ते वडवलीस, म्हणजे आजच्या वज्रेश्वरीस, हलवावे लागले, अशीही परंपरा आहे.

येथून कथा पुण्याकडे वळते. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. १७३७च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, परंतु वसई हाती येईना. १७३८च्या अखेरीस थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा मोठ्या फौजेनिशी स्वतः मोहिमेवर उतरले. जानेवारी १७३९मध्ये माहीम, तारापूर ही उत्तरेकडील ठाणी पडली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हा मातबर सरदार कामी आला. फेब्रुवारीत वसईचा निर्णायक वेढा सुरू झाला.

परंपरेनुसार, या मोहिमेत आप्पांचा तळ वडवलीस पडला असताना त्यांनी देवीला नवस केला : वसई हाती आली तर तुझे मंदिर बांधीन. देवीने स्वप्नात येऊन किल्ला घेण्याची युक्ती सांगितली, असाही भाग कथेत आहे.

येथे थोडे थांबावे लागते. वसई पडली ती सुरुंगांनी. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावले. काही वेळेवर उडाले नाहीत, काहींनी आपलीच माणसे घेतली. सेंट सेबॅस्टियन बुरुजाला अखेर खिंडार पडले, आणि त्या खिंडारात दोन दिवस माणसे मरत राहिली. मे १७३९मध्ये पोर्तुगीजांनी सन्मानाने बाहेर पडण्याच्या अटीवर किल्ला सोडला. मराठ्यांचे या मोहिमेत हजारो लोक खर्ची पडले. स्वप्नाच्या कथेत या माणसांना जागा नाही. शिंगेनच्या कथेत निदान जखमी सैनिक तरी आहे. वज्रेश्वरीच्या कथेत सेनापती आणि देवी यांच्यामध्ये दुसरे कोणीच उरत नाही, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आवृत्त्यांत तर सुरुंगही गळून जातो. नवसाची आठवण खोटी ठरवण्याचे कारण नाही. तिने काय गिळले, एवढे मात्र पाहावे.

मंदिर मात्र खरोखर उभे राहिले. सुभेदार शंकर केशव फडके यांनी ते बांधवून घेतल्याचे सांगतात. टेकडीवरची ही वास्तू लांबून गढीसारखी दिसते : भोवती दगडी तट, चढायला ५२ पायऱ्या, प्रवेशाशी बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेला नगारखाना. विजयाच्या स्मरणार्थ बांधलेल्या देवळाने किल्ल्याचेच रूप घ्यावे, यात नवल वाटू नये.

पुढे दोन्ही परंपरांची वाट वेगळी झाली. शिबूसारख्या गावात झऱ्याभोवती धर्मशाळांऐवजी पिढीजात खानावळी आणि निवास उभे राहिले, आणि स्नान हाच यात्रेचा गाभा ठरला. वज्रेश्वरीस चैत्र अमावास्येला जत्रा भरते. तेथे कुंडातले स्नान दर्शनाच्या आधीचे किंवा नंतरचे. याला हवामानही कारण असावे. बाहेर पुरुषभर बर्फ साचलेले असताना ऊन पाण्याला जी किंमत येते, ती चैत्राच्या उकाड्यात कोठून येणार?

चिमाजी आप्पांना हे यश फार काळ लाभले नाही. एप्रिल १७४०मध्ये बाजीराव गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आप्पाही पुण्यात वारले. वय अवघे ३३. मुठेच्या काठी ओंकारेश्वराच्या आवारात त्यांची समाधी आहे. पोर्तुगीज चर्चमधल्या काही घंटा मात्र पेशव्यांच्या सरदारांनी आपापल्या देवळांना वाहिल्या. त्यांपैकी एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आजही टांगलेली आहे.